गीझरची कॉइल वरचेवर जळते, टाकी गळते: आधी तांबे आणि मॅग्नेशियमचा हिशेब तपासा

ही लक्षणे टाकीच्या गीझरची आहेत, म्हणजे ६ ते २५ लिटरच्या विजेवरच्या स्टोरेज गीझरची. गॅस गीझरला यातले काहीही लावू नका, त्याचे धोके वेगळे आहेत.

- कॉइल आठ-दहा महिन्यांत जळते. नवी बसवली की पुन्हा तेवढ्याच दिवसांत जाते.
- पाणी तापताना सूं सूं किंवा लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो.
- गीझरचा दिवा लवकर विझतो, पण बादलीत पाणी कोमट येते.
- गीझर लावल्यावर काही मिनिटांनी घराची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते.
- सडक्या अंड्याचा वास येतो, तोही फक्त गरम पाण्याला.
- शॉवरच्या जाळीत पांढरा चुरा किंवा बुळबुळीत पांढरा गाळ अडकतो.
- नळाखाली, बेसिनमध्ये निळसर-हिरवे डाग पडतात.
- सकाळचे पहिले गरम पाणी तांबूस, गढूळ येते. काही महिन्यांनी टाकीच्या बुडाशी थेंब दिसतो.

यातले एखादेच लक्षण असेल तर कारण साधे असू शकते. दोन-तीन एकत्र आली आणि कॉइल बदलूनही तीच परत आली, तर दोष कॉइलमध्ये नसतो. पाणी, तांबे आणि टाकीत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी या तिघांचे गणित बिघडलेले असते. मेकॅनिक बहुतेक वेळा कॉइल बदलून जातो, कारण जळालेली कॉइल डोळ्यांना दिसते. जिरून गेलेली कांडी दिसत नाही. ती तिथे होती हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन धातू, दोन उलटी कामे

कॉइल म्हणजे एक नळी. आत नायक्रोमची तार, तारेभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि बाहेर तांब्याचे किंवा इनकोलॉयचे आवरण. इनकोलॉय म्हणजे लोखंड, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. कांडी (दुकानात तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. एझेड ६३ हा त्यातला नेहमीचा प्रकार. त्यात साधारण ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ३ टक्के जस्त असते, थोडे मँगनीज, बाकी मॅग्नेशियम.

तांबे उष्णता झपाट्याने पुढे देते. त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला ४०० वॅटच्या आसपास आहे. शुद्ध मॅग्नेशियमची १५६, आणि अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिसळलेल्या मॅग्नेशियमची १०० च्याही खाली. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, मॅग्नेशियम ६५० ला. तांब्याची घनता ८.९६, मॅग्नेशियमची १.७४, म्हणजे एकाच मापाचे दोन तुकडे घेतले तर तांब्याचा पाचपट जड.

पण गीझरमध्ये निकाल लावतो तो चौथा आकडा. पाण्यात विरघळण्याची ओढ कोणाला किती, हे प्रमाण विभवावरून कळते: मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबे अधिक ०.३४. आकडा जितका उणे तितका धातू विरघळायला उतावीळ. प्रत्यक्ष नळाच्या पाण्यात या दोन टोकांमधले अंतर कमी होऊन दीड व्होल्टच्या आसपास येते, तरी क्रम तोच राहतो. तिघे एकाच पाण्यात असून आपसांत धातूने जोडलेले असले की मॅग्नेशियम विरघळते आणि उरलेले दोघे वाचतात. टाकीचे लोखंड वाचावे म्हणून कांडीचा बळी द्यायचा, ही सगळी योजना.

म्हणून "न झिजणारा तो चांगला माल" हे माप कॉइलला लावा, कांडीला लावू नका. दोन वर्षांनी उघडल्यावर कांडी कोरी करकरीत निघाली, तर "वा, अजून नवीच आहे" म्हणून परत बसवू नका. ती काम करत नव्हती आणि तेवढा काळ टाकी झिजत होती.

आता खरी गोम. साध्या लोखंडी टाकीला आतून काचेचा मुलामा असतो, त्याला ग्लासलाइन म्हणतात. मुलाम्यात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतातच आणि लोखंड तेवढेच उघडे असते. तांब्याची कॉइल मात्र सगळी उघडी, शे-दीडशे चौरस सेंटिमीटरची. कांडीतून निघणारा बहुतेक प्रवाह या मोठ्या तांब्याकडे वळतो आणि कांडी लवकर संपते. ती संपल्यावर मध्ये कोणी उरत नाही. लोखंड आणि तांबे समोरासमोर येतात. समोर भलेमोठे तांबे आणि अलीकडे टाचणीएवढे लोखंड, त्यामुळे सगळी झीज त्या टाचणीएवढ्या जागी एकवटते आणि पत्रा आरपार जातो. गंज सगळीकडे पसरला असता तर टाकी कितीतरी वर्षे टिकली असती.

पैसे न लागणारी तपासणी: घड्याळ

१५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या कॉइलला साधारण १८ मिनिटे लागतात, २५ लिटरला ३० मिनिटे. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरून दोन-तीन मिनिटे वाढवा. थंड पाणी भरल्यावर दिवा लागल्यापासून विझेपर्यंतचा वेळ मोजा.

वेळ दीडपट लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर कॉइलची ताकद ६१ टक्क्यांवर येते आणि १८ मिनिटांची ३० होतात. अशा वेळी कॉइल बदलून काहीच होणार नाही.

क्षार बसल्यामुळे पाणी उशिरा तापते आणि बिल वाढते, असे सर्रास सांगितले जाते. विजेच्या कॉइलच्या बाबतीत ते फारसे खरे नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? थर कितीही जाड असला तरी ती शेवटी पाण्यातच जाते. फरक पडतो तो कॉइलच्या स्वतःच्या तापमानात. क्षाराचा थर तांब्याच्या तुलनेत दोनशेपट किंवा त्याहून वाईट वाहक. कॉइलच्या दर चौरस सेंटिमीटरमधून सुमारे १० वॅट बाहेर पडत असतील तर दर मिलिमीटर थरामागे आवरण ५० अंशांनी किंवा त्याहून जास्त तापते. तीन मिलिमीटर थर म्हणजे ६० अंशांच्या पाण्यात आवरण २०० च्या पुढे. तांब्याच्या आवरणाची कामाची मर्यादा १७५-१८० अंश. इनकोलॉय ८०० अंशांपर्यंत तग धरते. बोअरच्या पाण्यात तांब्याची कॉइल का जाते, त्याचे उत्तर एवढेच आहे.

वेळ कमी लागत असेल, म्हणजे दिवा आठ मिनिटांत विझतो पण पाणी कोमट, तर क्षाराने कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी यांना एकमेकांशी जोडलेले असते. थर्मोस्टॅटला पाण्याचे तापमान कळत नाही, कॉइलचेच कळते. याच्या उलटही घडते: नळीवर क्षाराची टोपी बसली की थर्मोस्टॅटला उशिरा कळते, पाणी उकळायला येते आणि कटआऊट (फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो. आधी नळाचा मिक्सर पूर्ण गरमच्या बाजूला आहे ना, हे मात्र बघून घ्या.

थर्मोस्टॅटची खुंटी ५५ ते ६० अंशांवर आणा. ७५ वर ठेवल्याने फायदा काही नाही. तापमान वाढते तसा क्षार अधिक वेगाने साका होऊन बसतो, आणि शेवटी बादलीत थंड पाणी मिसळावेच लागते.

जाळीतला गाळ आणि वास

शॉवरची किंवा नळाची जाळी काढा. तिच्यातला पांढरा चुरा वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर घाला. फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पाण्यातला क्षार. बुळबुळीत असून बुडबुडे न येता विरघळला तर बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जिरलेली कांडी. थोडा असेल तर काळजी नाही. वर्षाच्या आत भरपूर येऊ लागला तर कांडी भराभर संपते आहे. विरघळलाच नाही तर वाळू किंवा प्लास्टिकचे कण, त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

वासासाठी दोन पेले भरा, एक थंड नळाचा आणि एक गीझरचा. दोन्हींना वास असेल तर दोष बोअरचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा. फक्त गरम पाण्याला असेल तर दोष कांडी आणि जिवाणूंच्या जोडीचा. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कांडीजवळ तयार होणाऱ्या हायड्रोजनच्या आधाराने हायड्रोजन सल्फाइड बनवतात. गीझर कमी वापरात असला, थर्मोस्टॅट ४५ वर ठेवलेला असला की त्यांचे चांगलेच फावते. एकदा थर्मोस्टॅट ७० वर नेऊन दोन तास ठेवा, मग सगळे पाणी सोडून द्या (हात सांभाळून, ७० अंशांचे पाणी क्षणात भाजते) आणि खुंटी ६० वर आणा. महिनाभरात वास परतला तर मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी लावून बघा. कांडी काढून टाकणे हा वासावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून सांगितला जातो. त्याने वास जातो हे खरे, पण पुढे टाकीही जाते.

नुसत्या जस्ताची कांडी गरम पाण्यात नको. ६० अंशांच्या आसपास आणि त्यावर काही पाण्यांत जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटते, मग जस्ताला वाचवायला लोखंडच झिजू लागते.

घर दोन-तीन आठवडे बंद होते आणि नळ उघडल्यावर फुस्स करून हवा आली, तर तो हायड्रोजन असू शकतो. खिडकी उघडा, जवळ निरांजन किंवा काडेपेटी नको, आणि हवा निघून जाईपर्यंत गरम नळ चालू ठेवा.

पाणी मोजा

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर काही शे रुपयांत येतो, कडकपणा मोजायचे थेंबांचे किट आणि पीएचच्या पट्ट्याही महाग नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत आणि एकूण कडकपणा २०० पर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरचे. पीएच ६.५ ते ८.५. हे आकडे माणसांसाठी आहेत. कॉइल मात्र कडकपणा ३०० झाला की कुरकुरायला लागते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी कडक असते, तिथे पहिला शत्रू क्षार. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात मिठाचे प्रमाण जास्त. पाणी वीज चांगली वाहून नेते, म्हणून कांडी भराभर जिरते. मुंबईच्या तलावांचे पाणी मऊ. तिथे क्षार नगण्य, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की चार महिन्यांत चित्र बदलते. मोजणी त्या दिवसांत पुन्हा करा. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ असून बरेचदा किंचित आम्लधर्मी असते. तिथे क्षार बसत नाही, पण तांबे हळूहळू विरघळते. बेसिनमधले निळसर-हिरवे डाग ते हेच. पीएच ६.५ च्या खाली आणि डाग दोन्ही असतील तर तांब्याची कॉइल पुन्हा घेऊ नका, इनकोलॉय घ्या. विरघळलेले तांबे टाकीत जाऊन लोखंडावर बसते आणि तिथे नवी छिद्रे पाडते, हा आणखी एक त्रास. गीझरच्या आधी तांब्याची पाइपलाइन आणि पुढे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) किंवा लोखंडी टाकी, अशी मांडणी शक्यतो टाळावी. पाणी लोखंडाकडून तांब्याकडे गेले तर फार बिघडत नाही.

वॉटर सॉफ्टनर लावला की प्रश्न सुटला, असे गृहीत धरू नका. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून तितक्याच हिशेबाने सोडियम घालतो. कडकपणा जातो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कॉइल वाचते, पण कांडीवर क्षाराचा पातळ थर बसायचा तोही बसत नाही आणि कांडी आधीपेक्षा लवकर संपते. सॉफ्टनर लावल्यावर कांडी तपासायची मुदत निम्मी करा.

थेंब कुठून पडतो?

टाकी फुटली म्हणण्याआधी गीझर बंद करून सगळे कोरडे पुसा आणि जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा खाली धरा. २५ वरून ६० अंशांवर जाताना पाणी सुमारे दीड टक्का फुगते. १५ लिटरमागे २०० मिली. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडणे हे व्हॉल्व्हचे कामच आहे. तो गळतो म्हणून बुच मारलेले गीझर दिसतात. असा गीझर दिसला तर तो आधी बंद करा, बाकी तपासणी नंतर. गीझर बंद आणि थंड असतानाही थेंब पडत असेल तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला आहे. फ्लँजच्या (कॉइल ज्यावर बसते त्या झाकणाच्या) कडेने ओल असेल तर दोष गॅस्केटचा, म्हणजे मधल्या रबरी चकतीचा. या दोन्ही ठिकाणी कोरडे असून बाहेरच्या आवरणाच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर टाकीच गेली.

उघडून बघणे

इथून पुढे एमसीबी पाडून, टेस्टरने दोन्ही तारा मृत आहेत हे तपासूनच. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असूनही फेज कॉइलपर्यंत आलेली असते. गीझर वॉरंटीत असेल आणि सील लावलेले असेल तर उघडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा आणि त्याच्याकडून कांडी दाखवून घ्या.

तारा काढण्याआधी फोटो काढा. कॉइलच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावा. २००० वॅटला २६ ओहम, ३००० वॅटला सुमारे साडेसतरा ओहम यायला हवेत. अनंत दाखवले तर तार तुटली. मग एक टोक आणि फ्लँज यांच्यात मोजा. तिथे काहीही आकडा दिसला तर आवरणाला चीर गेली आहे. पूड ओली झाली की मॅग्नेशियम ऑक्साइडचे हायड्रॉक्साइड होते, दुपटीहून जास्त फुगते आणि आवरण आतून उसवते. आरसीसीबी काही मिनिटांनी पडते ती यामुळे: चीर गरम होऊन उघडली की ३० मिलिअँपिअरची गळती सुरू. इथे मल्टिमीटरने "ठीक" म्हटले तरी विश्वास नको. त्याची बॅटरी ९ व्होल्टची आणि कॉइलवर २३० येतात. खरी चाचणी ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणाऱ्या यंत्राने) होते आणि ती इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. १५ लिटर पाणी वाटते त्यापेक्षा जास्त निघते, दोन बादल्या हाताशी ठेवा. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे एकेक करून सैल करा. बोल्ट गंजून फिरत नसेल तर जोर लावू नका. टाकीला जोडलेला स्टड तुटला तर तो घरी दुरुस्त होत नाही.

कांडी फ्लँजवरच आट्यांनी बसवलेली सापडेल. तिची जाडी तीन ठिकाणी मोजा. मूळ जाडीच्या निम्म्यावर आली असेल किंवा मधली पोलादी तार बोटभर उघडी पडली असेल तर बदला. खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची असणे हे काम करत असल्याचे लक्षण. वरून कडक पांढऱ्या कवचात बंद झाली असेल तर कवच फोडा. आत धातू भरपूर असेल तर खरवडून पुन्हा वापरता येते.

कोरी निघाली असेल तर मल्टिमीटरने कांडी आणि टाकीचा उघडा धातू (अर्थिंगचा स्क्रू चालेल) यांच्यातला रोध बघा. एक ओहमपेक्षा जास्त नको. आट्यांत गंज, टेफ्लॉन टेपचे जाड वेटोळे किंवा सैल नट यामुळे जोड तुटतो आणि कांडी नुसती लोंबकळत राहते. आटे कोरडे, स्वच्छ ठेवून आवळा. जोड चांगला आणि पाण्याचा टीडीएस १०० च्या खाली असेल तर कांडी सावकाश जिरणे साहजिक आहे.

नवी कांडी किती टिकेल याचा अंदाज कागदावर काढता येतो. १६ मिमी जाड आणि २०० मिमी लांब कांडीचे वजन साधारण ७०-७५ ग्रॅम. मॅग्नेशियमच्या एका ग्रॅमपासून कागदोपत्री २.२ अँपिअर-तास मिळतात. त्यातले निम्मे पाण्याशी थेट झालेल्या झिजेत वाया जातात, म्हणजे हाती सुमारे ८० अँपिअर-तास. ५ मिलिअँपिअरचा प्रवाह असेल तर २२ महिने, १० असेल तर जेमतेम ११. तांब्याच्या कॉइलने आणि खाऱ्या पाण्याने हा प्रवाह वाढतो. त्यामुळे ग्लासलाइन टाकीत, कडक किंवा खाऱ्या पाण्याला इनकोलॉयची कॉइल घ्या. तीही कांडीचा प्रवाह ओढतेच, पण क्षाराखाली तापून ती जळत नाही. काही मॉडेलमध्ये कॉइल आणि फ्लँज यांच्यामध्ये प्लास्टिकचे बुश दिलेले असतात. कांडीचा प्रवाह कॉइलकडे न जाता टाकीकडे जावा यासाठीच ते असतात. दुरुस्तीत ते "जास्तीचे वॉशर" म्हणून फेकले गेले की कांडी निम्म्या वेळात संपते. होते तसेच परत बसवा.

दुकानात कांडी पारखताना

स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. वर दिलेल्या मापाची कांडी ११० ग्रॅमच्या आसपास भरली तर ती अ‍ॅल्युमिनियमची, २८० च्या पुढे गेली तर जस्ताची. मध्ये पोलादी तार असेल तर थोडे जास्त धरा. कापलेल्या टोकावर व्हिनेगरचा थेंब टाका: मॅग्नेशियम लगेच फसफसते, अ‍ॅल्युमिनियम ढिम्म राहते.

अशुद्धी मात्र अशी पकडता येत नाही, आणि स्वस्त कांडीत मार बसतो तो तिथेच. चांगल्या एझेड ६३ मध्ये तांबे ०.०२ टक्के, लोखंड ०.००३ आणि निकेल ०.००२ टक्क्यांच्या आत ठेवतात. बाहेर कॉइलच्या रूपात असलेले तांबे कांडीकडून काम करून घेते. तेच तांबे कांडीच्या पोटात कण होऊन बसले की कांडी आतल्या आत स्वतःलाच खाते आणि टाकीला काही मिळत नाही. भंगार वितळवून ओतलेल्या कांड्या सहा महिन्यांत गाळ होतात त्या यामुळे. आटे (एम ५, एम ६, एम ८) आणि लांबी जुन्या कांडीशी जुळवून, गीझरच्या कंपनीचीच घ्या. कांडीचे टोक कॉइलला किंवा टाकीच्या भिंतीला टेकता कामा नये.

क्षार काढणे

कांडी आधी काढून बाजूला ठेवा. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून त्यात कॉइल बुडवा, वरची विजेची टोके पाण्याबाहेर ठेवून. एक-दोन तासांत बुडबुडे थांबले आणि थर उरला असेल तर पाणी बदलून पुन्हा. उरलेले लाकडी चमच्याने काढा. तांब्यावर तारेचा ब्रश किंवा स्क्रूड्रायव्हर चालवू नका, ओरखड्यातूनच पुढची चीर जाते. टाकीच्या बुडातला गाळ हाताने काढून दोन-तीनदा खळखळून घ्या.

संडास साफ करायचे अ‍ॅसिड टाकीत ओतायचे नाही. ते मुलाम्याच्या छिद्रातले लोखंड खाते, आणि आत कांडी असेल तर बंद टाकीत हायड्रोजन भसाभस तयार होतो.

जोडताना गॅस्केट नवे घ्या, जुने पुन्हा बसत नाही. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टाकी भरा आणि गरम नळातून हवा न येता अखंड धार लागली की मगच वीज द्या. कोरडी कॉइल अर्ध्या मिनिटात जाते. पहिली तपासणी सहा महिन्यांनी करा. कांडी तेव्हा किती उरली त्यावरून पुढची मुदत ठरवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या न्हाणीघरात जाऊ नका. घराला अर्थिंग नसेल किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटची तिसरी पिन मोकळी असेल तरीही तेच: गीझर दुरुस्तीआधी अर्थिंग. आरसीसीबी पडते म्हणून ती काढून गीझर थेट जोडून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नव्या कॉइलनंतरही कटआऊट दुसऱ्यांदा पडला, तर तो दाबून चालू करत राहू नका. थर्मोस्टॅट चिकटला असेल तर टाकीत वाफ होते. सॉकेट किंवा प्लग काळा पडलेला, वितळलेला असेल तर २००० वॅटचे पावणेनऊ अँपिअर सैल जोडातून जात आहेत. ते काम वायरमनचे. भिंतीवरचा गीझर उतरवायचा असेल तर एकट्याने नको, २५ लिटरचा भरलेला गीझर ३५ किलोच्या आसपास जातो.

ग्लासलाइन टाकीच पाझरत असेल तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वेल्डच्या उष्णतेने भोवतीचा मुलामा तडकतो आणि एका भोकाची पाच होतात. एम-सीलही दाबाखाली टिकत नाही. टाकीला वॉरंटी उरली आहे का ते बघा, कारण तिची मुदत बहुधा कॉइलपेक्षा जास्त असते. नसेल तर गीझर नवा घ्या आणि बसवण्याच्या दिवशीच कांडीची लांबी, जाडी आणि तारीख त्याच्या अंगावर मार्करने लिहून ठेवा.